तो नेमका कोण? कल्पनारम्य मालिकांतल्या अनोळखी खलनायकाचा माग कसा काढतात

लेखक टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या जगात घडणाऱ्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेचा दुसरा सीझन ३ ऑक्टोबर २०२४ ला संपला, तेव्हा एका पात्राची ओळख लागायची राहूनच गेली. रून नावाच्या ओसाड, वाळवंटी मुलखात तो राहतो. पांढरे केस, फिकट झगा, मऊ आवाज आणि वाईट हेतू. मालिकेत त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. श्रेयनामावलीतही तो फक्त ‘डार्क विझर्ड’ आहे, म्हणजे काळा जादूगार. कीरन हाइंड्स या अभिनेत्यानं तो इतक्या शांतपणे उभा केलाय की त्याची भीती त्या शांतपणामुळेच वाटते.

तेव्हापासून टोल्कीनच्या चाहत्यांमध्ये दोन तट पडले आहेत. एका तटाला तो सारुमन, म्हणजे मूळ पुस्तकांतला पुढे फिरलेला जादूगार, वाटतो, दुसऱ्याला अजिबात नाही. ज्यांनी मूळ पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांना हा वाद परक्या भाषेतल्या भांडणासारखा ऐकू येतो: आवाज चढलेले कळतात, मुद्दा कळत नाही. म्हणून हा लेख. असे तर्क कसे बांधतात, त्यातले टिकतात कोणते, कोसळतात कोणते आणि का, हे पायापासून बघू. पुढे ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’, ‘द व्हील ऑफ टाइम’ आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या तिन्हींमधली गुपितं उघड होणार आहेत. ज्यांना ती कळायला नको असतील त्यांनी आधी मालिका बघाव्यात, पुस्तकं वाचावीत, मग इथे यावं.

## फॅन थिअरी म्हणजे काय

फॅन थिअरी म्हणजे कथेनं न सांगितलेल्या गोष्टीबद्दल चाहत्यांनी कथेतल्याच पुराव्यांवरून बांधलेला तर्क. या व्याख्येत जोर ‘कथेतल्याच पुराव्यांवरून’ यावर आहे. ‘मला वाटतं तो वाईट निघेल’ ही थिअरी नव्हे, तो अंदाज झाला. ‘तो वाईट निघेल, कारण दुसऱ्या भागात त्यानं अमुक केलं आणि त्याला दुसरा अर्थ लागत नाही’ ही थिअरी.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. विराटपर्व आठवा. पांडव अज्ञातवासात आहेत आणि त्यांना हुडकायला कौरवांनी हेर सोडलेत. हेर हात हलवत परत येतात. तेव्हा भीष्म वेगळा रस्ता सुचवतात. चेहरे शोधू नका, परिणाम शोधा. ज्या देशात युधिष्ठिर राहत असेल तिथली माणसं दानशूर असतील, पाऊस वेळेवर पडत असेल, गाई भरपूर दूध देत असतील. पुढे बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन रथ घेऊन येतो तेव्हा द्रोण रथाच्या घरघराटावरून आणि शंखाच्या नादावरून सांगतात की हा दुसरा कुणी नव्हे. वेश बदलता येतो, पण माणसाची खूण कुठून ना कुठून बाहेर पडतेच. लपलेल्या माणसाविषयीच्या सगळ्या थिअऱ्या याच एका समजुतीवर उभ्या असतात.

आता घरातलं उदाहरण घ्या. डब्यातले बेसनाचे लाडू संपलेत. धाकट्याच्या शर्टावर भुगा आहे. लगेच निकाल लागला? नाही. थोरल्यानं स्वतः लाडू खाऊन धाकट्याला मिठी मारली असेल तरी भुगा तिथेच सांडणार. खूण खरी असते, पण तिला वाटा अनेक फुटतात. कोणती वाट धरायची, हा या खेळातला खरा प्रश्न.

## हूल कशी देतात

लेखकाला ठाऊक असतं की वाचक माग काढतोय. म्हणून तो मुद्दाम एक खोटी वाट आखून ठेवतो. इंग्रजीत याला ‘रेड हेरिंग’ म्हणतात. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे: हूल.

‘द रिंग्ज ऑफ पॉवर’च्या पहिल्या सीझनचा सगळा डोलारा एका प्रश्नावर होता. सॉरॉन, म्हणजे त्या जगातला सर्वांत मोठा खलनायक, परत आलाय, पण कोणत्या रूपात? २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या त्या आठ भागांत संशयाची सुई मुख्यतः तिघांभोवती फिरत होती. आकाशातून उल्केसारखा कोसळलेला, बोलता न येणारा ‘स्ट्रेंजर’. ऑर्कांचा पुढारी अदार. आणि समुद्रात तराफ्यावर सापडलेला हॅलब्रँड.

स्ट्रेंजरची हूल फार विचारपूर्वक दिली होती. तो पडला त्या खड्ड्यात आग आहे, पण तिला धग नाही. काजवे त्याच्या हातात मरतात. त्याच्या जखमेवरचं बर्फ नोरी या त्याला सांभाळणाऱ्या मुलीच्या हातावर चढतं. शेवटच्या भागात पांढऱ्या वस्त्रांतल्या तीन गूढ स्त्रिया त्याच्यापुढे वाकून त्याला सॉरॉन म्हणतात. घराघरांत त्या क्षणी ‘बघ, मी म्हणत होतो ना!’ झालं असणार. आणि त्याच भागात कळतं की त्या स्त्रियांची चूक झाली होती.

मला ही हूल न्याय्य वाटते, कारण कथेनं आपल्याला खोटं सांगितलं नाही. खोटी समजूत पात्रांची होती आणि आपण ती उसनी घेतली. लेखकानं थेट खोटं बोलणं आणि पात्राला चुकू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाचकाचा विश्वासघात करते.

## भट्टीपाशी सापडलेलं वाक्य

आता हॅलब्रँड. ज्यांनी त्याला आधीच ओळखलं त्यांनी कशावरून ओळखलं, हे जरा सावकाश बघण्यासारखं आहे.

नूमेनॉर बेटावर पाय ठेवताच हा माणूस काय मागतो? लोहाराचं काम. वरवर साधी गोष्ट. पण टोल्कीनच्या जगात सॉरॉन मुळात आउले या देवतेच्या परिवारातला, आणि आउले म्हणजे घडवणाऱ्यांचा, धातुकाम करणाऱ्यांचा स्वामी. दुसरी खूण: सॉरॉनच्या मागावर असलेली गॅलाड्रिएल ही एल्फ जमातीतली योद्धी त्याला साउथलँड्सचा हरवलेला राजा ठरवते, ते त्याच्या गळ्यातल्या थैलीवरच्या राजचिन्हावरून. तो स्वतः म्हणतो की ही मला एका मेलेल्या माणसापाशी सापडली. ती ऐकून घेत नाही. म्हणजे त्यानं खरं सांगितलं होतं! तिसरी खूण सहाव्या भागात आहे. अदार त्याच्या तावडीत सापडतो तेव्हा हॅलब्रँड विचारतो, मी आठवतो का? त्या प्रश्नातला राग एका गावच्या लुटीचा वाटत नाही, त्याहून फार जुना वाटतो.

पण सगळ्यात सुंदर पुरावा एका वाक्याचा आहे. सहाव्याच भागात अदार गॅलाड्रिएलला सांगतो की सॉरॉनला एक वेगळी शक्ती हवी होती, देहाची नव्हे तर देहावरची. तिथे ते वाक्य कानावरून जातं. मग आठव्या भागात आपण एरेगिऑनमध्ये येतो. एल्फांचा थोर कारागीर केलेब्रिम्बॉर इथे काम करतो. हॅलब्रँडला मरणाच्या दारातून इथे आणलंय आणि थोड्याच वेळात तो कार्यशाळेत हिंडतोय. हत्यारं न्याहाळतोय, रत्नांकडे बघतोय. मिथ्रिल हा धातू थोडाच उरलाय, तो पुरत नाही, म्हणून केलेब्रिम्बॉर अडलाय. हॅलब्रँड अगदी नम्रपणे सुचवतो की दुसऱ्या धातूशी मिसळून बघितलं तर? केलेब्रिम्बॉर आभार मानतो, तेव्हा तो म्हणतो की ही भेट समजा.

माझी आई हे माझ्याबरोबर हिंदीत बघत होती. तिनं टोल्कीनचं एक पान वाचलेलं नाही. ती म्हणाली, “अरे, कालपर्यंत हा मरायला टेकला होता. याचा मुलूख जळून गेला, प्रजा उघड्यावर पडली, आणि हा दुसऱ्याच्या भट्टीपाशी काय करतोय?”

मी पुस्तकं वाचून जिथे पोचलो होतो तिथे ती माणूस वाचून पोचली. मी ‘भेट’ या शब्दाला अडकलो होतो, कारण टोल्कीनच्या लेखनात सॉरॉन एरेगिऑनमध्ये ‘अन्नातार’ या नावानं येतो आणि त्या नावाचा अर्थच मुळी भेटींचा स्वामी. तिनं फक्त एवढं बघितलं की राजा राजासारखा वागत नाही.

मग केलेब्रिम्बॉर एल्फांच्या राजाला, गिल-गॅलाडला, आपली नवी कल्पना समजावताना तेच बोलतो. देहाची नव्हे, देहावरची शक्ती. गॅलाड्रिएल बाजूला उभी आहे. तिच्या चेहऱ्यावर ते वाक्य आदळलेलं दिसतं. हे शब्द तिनं अदारच्या तोंडून ऐकलेत, सॉरॉनविषयी. ते इथे कसे आले? ती जुन्या नोंदी मागवते. साउथलँड्सच्या राजांचा वंश हजार वर्षांपूर्वीच खुंटलेला निघतो.

## तोच पुरावा आणि उलटा निकाल

इथे थांबलो असतो तर सरळ धडा मिळाला असता की शब्दांचा माग काढा, खलनायक सापडेल. पण ‘द व्हील ऑफ टाइम’च्या वाचकांनी नेमकं हेच केलं आणि त्यांचा निकाल चुकला.

रॉबर्ट जॉर्डनची ही १४ खंडांची कादंबरीमाला १९९० ते २०१३ या काळात आली. त्यातल्या दुष्ट शक्तीचे सर्वांत बलाढ्य सेवक म्हणजे ‘फोर्सेकन’. तीन हजारांहून अधिक वर्षं कोंडलेले, प्राचीन युगातले तेरा जादूगार. त्यांच्यातल्या डेमांड्रेडचं दुःख एकच: तो प्रत्येक गोष्टीत कथानायकाच्या पूर्वजन्मापेक्षा एक पायरी खाली राहिला. हा डेमांड्रेड आता सुटलाय, कुठेतरी कुणाच्या तरी नावाखाली वावरतोय, पण कुठे ते वाचकाला सांगितलेलं नाही.

१९९४ च्या सहाव्या खंडात मॅझरिम ताईम नावाचा माणूस नायकापाशी येतो. उद्धट, प्रचंड ताकदीचा, नायकाशी सतत अदृश्य शर्यत लावल्यासारखा वागणारा. कथेच्या नियमानुसार जादू वापरणारे पुरुष हळूहळू वेडे होतात. हा वर्षानुवर्षं ती वापरून ठणठणीत. आणि बोलण्याच्या ओघात तो आयील या वाळवंटी लढवय्यांचा उल्लेख ‘तथाकथित आयील’ असा करतो.

या एका शब्दावर वाचकांनी केवढं काम केलं! प्राचीन युगातले आयील अहिंसेचं व्रत घेतलेले सेवक होते. शस्त्राला हातही न लावणारे. म्हणजे भाला घेतलेल्या आजच्या आयीलांना ‘तथाकथित’ कोण म्हणेल? ज्यानं मूळचे बघितले आहेत तो. आणि ते बघितलेला माणूस आज जिवंत असेल तर तो फोर्सेकनच. म्हणून ताईम म्हणजेच डेमांड्रेड. वाचकांनी दोन्ही नावं जोडून या थिअरीला ‘ताईमांड्रेड’ हे नाव दिलं. मी या मालेचा वाचक म्हणून सांगतो, ती वाचताना शंका घ्यायला जागा राहत नव्हती.

पुढे जॉर्डननं जाहीरपणे सांगितलं की ताईम डेमांड्रेड नाही. तरीही कितीतरी जणांना ते पटलं नाही. अखेर २०१३ च्या शेवटच्या खंडात डेमांड्रेड अवतरला तो शारा या दूरच्या पूर्वेकडच्या देशातून, तिथल्या लोकांचा उद्धारकर्ता बनून, अफाट सैन्य घेऊन. ताईम? तो अंधाराचाच माणूस निघाला, पण वेगळा माणूस.

मग ‘तथाकथित’चं काय? ते आपण रोज अनुभवतो. एखादा ‘नाद खुळा’ म्हणाला म्हणून तो कोल्हापूरचाच ठरत नाही. तिथे चार वर्षं होस्टेलवर राहिलेला लातूरचा मुलगाही तेच म्हणतो. सहवासानं शब्द चिकटतात. फोर्सेकनांच्या गोटात ऊठबस असलेल्याच्या तोंडी त्यांचे शब्द येणारच. खूण खरी होती, वाचकांनी ती बरोबर टिपली होती. फक्त ती ‘हा त्यांच्यातला आहे’ एवढंच सांगत होती आणि वाचकांनी तिच्याकडून नाव वदवून घेतलं.

एरेगिऑनमधलं वाक्यही एवढ्यावरच थांबलं असतं तर तसंच अपुरं पडलं असतं. गॅलाड्रिएलला त्या वाक्यावरून फक्त इतकं कळलं की सॉरॉनचे विचार या खोलीत पोचलेत. हॅलब्रँडचं नाव नक्की झालं ते वंशावळीमुळे. ज्या पायावर तो उभा होता तो पायच खोटा निघाला. थिअरी तोलताना मी आता आधी हे बघतो: पुरावा गट सांगतोय की माणूस?

## गुपित कुणाला लागतं

दुसरी कसोटी मला ॲस्मोडियनच्या खुनानं शिकवली.

हाही ‘द व्हील ऑफ टाइम’मधलाच. फोर्सेकनांपैकी एक, नायकाच्या हाती लागलेला आणि नाइलाजानं त्याला विद्या शिकवणारा. १९९३ च्या पाचव्या खंडाच्या शेवटी तो राजवाड्यात बरीशी वाइन शोधत एक लहान दार उघडतो, समोरच्याला बघून पांढरा पडतो, दोन शब्द उच्चारतो आणि मरतो. कोणी मारलं ते लेखक सांगत नाही. मरणाऱ्यानं मारेकऱ्याला ओळखलं, एवढंच आपल्याला कळतं.

यावर वाचकांनी जे काही केलं ते थक्क करणारं आहे. त्या क्षणी कोणतं पात्र कुठे होतं याचा हिशेब मांडला. कुणाला कारण होतं, कुणाला संधी होती, याचे तक्ते केले. जॉर्डन म्हणत राहिला की उत्तर सहज लक्षात येण्यासारखं आहे. २००७ मध्ये तो गेला. त्याची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅक्डूगल यांनी उरलेलं लेखन ब्रँडन सँडरसनकडे सोपवलं. आणि २०१० मध्ये, तब्बल १७ वर्षांनी, तेराव्या खंडात उत्तर छापून आलं: ग्रेंडाल. छापलं कुठे, तर पुस्तकाच्या मागच्या शब्दसूचीत, तिच्या नावापुढच्या नोंदीत.

पुष्कळांचा हिरमोड झाला. माझाही झाला होता. पण विचार केल्यावर वाटलं, दुसरीकडे छापणार कुठे? या उत्तरानं कथेतल्या कुणाच्या काळजाला घरं पडणार होती? ॲस्मोडियनवर कुणाचा जीव नव्हता. मारणारी आधीच उघड खलनायिका. नायकाला कळलं असतं तरी त्याचा पुढचा दिवस बदलला नसता. कोडं वाचकांसाठी प्रचंड मोठं होतं, पात्रांसाठी ते कोडंच नव्हतं.

आता हॅलब्रँडशी ताडून बघा. गॅलाड्रिएल शतकानुशतकं सॉरॉनला शोधतेय, कारण त्यानं तिच्या भावाला, फिनरॉडला, मारलं. तिनंच या माणसाला तराफ्यावरून आणलं. त्याला राजा ठरवलं, त्याच्यासाठी एका राज्याचं सैन्य मिळवलं. जखमी झाल्यावर घोड्यावर घालून एरेगिऑनला पोचवलं. शेवटी एल्फांच्या तीन अंगठ्या घडवण्यासाठी तिला भावाची कट्यार वितळवायला द्यावी लागते, आणि त्या कामाची युक्ती भावाच्या मारेकऱ्याची असते. गुपित उघडतं तेव्हा ते तिला लागतं. बरोबर ओळखणाऱ्यालासुद्धा त्या दृश्यात काही कमी पडत नाही, कारण आपण उत्तराची वाट बघत नसतो, तिच्या चेहऱ्याची बघत असतो.

## ‘पण लेखकानं काही ठरवलेलंच नसेल तर?’

हा आक्षेप रास्त आहे आणि कधीकधी खराही ठरतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला नाइट किंग आठवा. बर्फाळ प्रेतांचा निळ्या डोळ्यांचा राजा, एक शब्द न बोलणारा. २०१६ मध्ये दाखवलं की जंगलातल्या प्राचीन लोकांनी एका माणसाच्या छातीत काच खुपसून त्याला तसं बनवलं. तो माणूस कोण? त्याच सीझनमध्ये ब्रॅन हा मुलगा भूतकाळात डोकावताना भूतकाळावर परिणाम करू शकतो हेही दिसलं. मग चाहत्यांनी दोन्ही टोकं जोडली की ब्रॅनच भूतकाळात अडकून नाइट किंग झाला. २०१९ मध्ये ब्रॅनच्या बहिणीनं, आर्यानं, त्याला मारलं आणि तो फुटून विखुरला. नाव नाही, ओळख नाही. जिथे चेहरा असेल असं आपण धरून चाललो होतो, तिथे मालिकेनं कोडं घातलंच नव्हतं.

त्यामुळे थिअरीच्याही आधी विचारायला हवं की कथेतल्या कुणाला हा प्रश्न पडलाय का? सॉरॉन कुठे आहे, हे गॅलाड्रिएल विचारत होती. नाइट किंग आधी कोण होता, हे त्या जगात जवळपास कुणीच विचारत नव्हतं. ते आपण विचारत होतो.

## ‘चाहत्यांनी ओळखलं की उत्तर बदलतात’

ही समजूत फार पसरलेली आहे. पण नीट पेरलेली खूण परत उपटता येत नाही. छापलेली पुस्तकं घराघरांत असतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या मूळ पुस्तकांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन या मोहाबद्दल उघडपणे बोललेले आहेत. काही वाचकांनी शेवट ओळखलाय हे त्यांना माहीत आहे, पण तेवढ्यासाठी तो बदलला तर आधी पेरलेलं सगळं निरर्थक होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कथेतल्या जॉन स्नो या नायकाच्या जन्माबद्दलचा तर्क वाचकांनी नव्वदच्या दशकात, पहिलं पुस्तक आल्यावर थोड्याच काळात मांडला. २०१६ मध्ये मालिकेनं तोच खरा करून दाखवला. वीस वर्षं लोकांना माहीत असलेलं गुपित, आणि तरी ते दृश्य अंगावर आलं.

## ‘आधीच ओळखलं तर मजा काय राहिली?’

‘कोण’ या प्रश्नाचं आयुष्य लहान असतं, ‘का’चं मोठं. २०१५ ते २०१७ अख्खा देश, आपल्या एसटी स्टँडपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत, बाहुबलीला कटप्पानं का मारलं हेच विचारत होता. मारलं कोणी हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. गुपित फक्त कारणाचं होतं आणि तेवढं दोन वर्षं पुरलं.

माझ्या पाहण्यात थिअरी मांडणारे लोक कथेवर सर्वांत जास्त माया करणारे असतात. ‘तथाकथित’ हा एक शब्द हजारो पानांमधून उचलायचा म्हणजे किती लक्ष देऊन वाचावं लागत असेल. त्यांचा निकाल चुकला, पण आयीलांच्या इतिहासातली वेदना त्यांच्याइतकी कुणाला कळली असेल असं मला वाटत नाही.

## तर रूनमधला तो कोण?

आता वादाकडे परत येऊ. टोल्कीनच्या जगात ‘इस्टारी’ नावाचे पाच जादूगार आहेत. देवतांनी सॉरॉनविरुद्ध मदत करायला पाठवलेले. सारुमन, गँडाल्फ, राडागास्ट आणि दोन ‘निळे’, जे पूर्वेकडे गेले आणि परत आले नाहीत. दुसऱ्या सीझनच्या शेवटी स्ट्रेंजर हा गँडाल्फ असल्याचं उघड झालं. डार्क विझर्डही या पाचांतलाच एक आहे, असं मालिका सांगते.

सारुमन म्हणणाऱ्यांचा पुरावा: फिकट वस्त्रं, लांब पांढरे केस, गोड बोलून वळवण्याची हातोटी, सत्तेची भूक. आता पहिली कसोटी लावा. हे सगळं ‘भरकटलेला इस्टारी’ एवढंच सांगतं. गट सांगतं, माणूस नाही. शिवाय ही थिअरी मानायची तर गिळावं फार लागतं. पुस्तकांत सारुमन तिसऱ्या युगात फार उशिरा फिरतो. त्याआधी तो जादूगारांचा प्रमुख असतो आणि गँडाल्फ त्याच्यावर विश्वास ठेवून सल्ल्यासाठी त्याच्याकडे जातो. ज्यानं आपल्या डोळ्यांदेखत लहानखुऱ्या, निरपराध लोकांची वस्ती उद्ध्वस्त केली, त्याच्याकडे गँडाल्फ पुढे सल्ला मागायला कसा जाईल? एक तर स्मृती पुसावी लागेल, नाहीतर न पटणारं क्षमानाट्य रचावं लागेल. मालिकेच्या निर्मात्यांनीही सारुमनची शक्यता जवळपास निकालात काढली आहे.

यावर समोरून उत्तर येतं की मालिकेनं गँडाल्फलाच दुसऱ्या युगात आणलं, जो पुस्तकांत तिसऱ्या युगात साधारण हजार वर्षांनी येतो. मग पुस्तकांचा आधार कशाला? मुद्दा खरा आहे. पण तारीख मागेपुढे करणं आणि दोन माणसांमधलं नातं उलटंपालटं करणं या एका मापाच्या गोष्टी नाहीत. पहिल्यानं कथा हलते, दुसऱ्यानं ती तुटते.

दुसरी कसोटी तर मला अधिकच बोलकी वाटते. तो सारुमन निघाला तर धक्का कुणाला? फक्त आपल्याला, कारण पुढचं आपल्याला माहीत आहे. स्ट्रेंजरला त्या नावाचं काय? त्याच्या लेखी ते अजून कोरं आहे. निळ्यांपैकी एक निघाला तर मात्र एक दुसरा निळा कुठेतरी असणार, त्याच्यासोबत निघालेला, सोबतच पोचलेला. त्याचं काय झालं, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

टोल्कीनचं या दोघांबद्दल शेवटपर्यंत एक मत झालं नाही. १९५८ च्या एका पत्रात त्याला वाटतं की ते बहुधा अपयशी ठरले आणि पूर्वेत गुप्त पंथ व जादूच्या परंपरा त्यांनीच सुरू केल्या असाव्यात. आयुष्याच्या अखेरीच्या टिपणांत तो उलट लिहितो, की सॉरॉनची पूर्वेकडची ताकद खच्ची करण्यात त्यांचा मोठा हात होता. त्या टिपणांत त्यानं त्यांना नवी नावंही दिली. एक रोमेस्टामो, पूर्वेचा साहाय्यक. दुसरा मोरिनेहतार.

तिसऱ्या सीझनची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली आहे. माझं मत निळ्याला, आणि त्या दोघांतल्या दुसऱ्याला. मोरिनेहतार या नावाचा अर्थ अंधाराचा संहारक. ज्याला हे नाव देऊन पाठवलं, तोच पूर्वेत जाऊन अंधार झाला असेल, तर स्ट्रेंजर त्याला कधीतरी त्या नावानं हाक मारेल. तेव्हा कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर असेल, हे मला बघायचंय.